पॅनल नंबर चार

मेन ब्रेकरच्या कानात लाल कुलूप अडकवलं.
किल्ली कुर्त्याच्या खिशात, खिशाला वरून सेफ्टी पिन.
टॅगवर लिहिलं: हेमांगी दळवी,
नऊ पस्तीस, नेटवर्क स्विच बदलणे.
परमारभाई म्हणाले, बेन, हवे केटली वार?
मी म्हटलं, कुलूप आत्ता तर लागलंय.

नंदेसरीत हवेला वास असतो
आणि वासाला वार.
सोमवारी कुजकं अंडं, गुरुवारी कडू बदाम.
आज गुरुवार.
दारावरची पिवळी पाटी तीन भाषांत सांगते
की चालू लाइनचा प्लग ओढू नका.
ठिणगी नखाएवढी असली
तरी इथल्या हवेला पुरते.

मीटर आधी जिवंत सॉकेटला लावायचा,
मग मेलेल्या तारेला,
मग परत जिवंत सॉकेटला.
फाटककाका म्हणायचे, तार मेली का हे तारेला विचारू नये,
मीटरला विचारावं,
आणि तो शुद्धीवर आहे का, हे दोनदा.
दांडिया बाजारातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये
आम्ही सहा मुलं आणि मी.
उजव्या हाताची दोन बोटं त्यांची अर्धी होती,
टर्मिनलं मोजताना ते त्याच बोटांनी मोजत.
का, ते कधी विचारलं नाही.

लाल मेली. काळी मेली.
अकरा नंबरची करडी तार
दोनशे अठ्ठावीस दाखवते.

ड्रॉइंगमध्ये अकरा नंबर स्पेअर आहे.

हात मागे घेतला. दोन्ही.
मग आम्ही ती तार धरून, म्हणजे नजरेनं धरून,
ट्रेमधून, भिंतीतून, कंट्रोल रूमच्या मागून
यूपीएसपर्यंत गेलो, आणि तिथून उलट,
तर दुसरं टोक निघालं
अंबामातेच्या फोटोवरच्या लहानशा बल्बमध्ये.
कुणीतरी, कधीतरी, एका दिवाळीत,
दिवा विझू नये म्हणून.
परमारभाईंनी आधी हात जोडले,
मग बल्बचा एमसीबी पाडला,
आणि न सांगता
त्यावर स्वतःचं कुलूप लावलं.
परत मोजलं. शून्य.
त्यानंतर वेळ त्यांनी विचारली नाही.

आता बाकीचं, जे कुणाला दिसत नाही.
जुना स्विच उतरवला, पाठीवर नऊ वर्षांची भुकटी.
नवा रेलवर वरून टेकवून खाली दाबला:
टक्.
आधी हिरवी-पिवळी अर्थिंग, नंतर इतर सगळं.
चोवीस व्होल्ट दोन वाटांनी, दोन वेगळ्या सप्लायांतून,
प्रत्येक टोकाला फेरूल, प्रत्येक स्क्रू मोजून आवळलेला;
जास्त आवळला तर तोही सूड घेतो.
डेटाच्या केबलला मोटारीच्या केबलशेजारी झोपवायचं नाही,
भेटायचंच तर काटकोनात भेटायचं आणि निघून जायचं.
वळण बांगडीएवढं. त्याहून लहान नाही.

रिंगची शेवटची केबल मात्र हातात ठेवली.
आधी स्विचला समजावलं की ही रिंग आहे.
न समजावता जोडली
तर एकच निरोप गोल गोल पळत सुटतो,
पोळात फुटलेल्या अफवेसारखा,
आणि सगळ्या पंपांचे कान भरून जातात.

पावणेदोनला दोन्ही कुलपं काढली.
ज्यानं लावलं त्यानंच काढलं.
हिरवे दिवे एकेक करून डोळे चोळत उठले.
मग भरल्या घरात मुद्दाम पूर्वेची केबल उपटली,
इथे चालतं, आत नाही, परवाना आहे,
आणि स्क्रीनवर रिॲक्टरचं तापमान पाहिलं:
एकाहत्तर. एकाहत्तर. एकाहत्तर.
त्याला कळलंच नाही.
निरोप पश्चिमेकडून फिरून आला होता.

डबा उघडायला तीन वाजले. भाजीला बदामाचा वास.
परमारभाईंनी देवीच्या बल्बला
भिंतीवर वेगळा पॉइंट काढून दिला,
आणि मी लाल पेन्सिलीनं ड्रॉइंगवर
स्पेअर खोडून, तारीख घालून लिहिलं:
अकरा, रिकामा. इथे आधी दिवा होता.